सोमवारची झूल

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. जळलेली तांब्याची तार आणि किस्से. तार भंगारवाला वजन करून नेतो. किस्से कोण नेणार? ते तसेच पडून राहतात. आज तुम्ही बसलाच आहात, चहाही सांगितलाय, तर थोडे तुमच्या गळ्यात मारतो.

माझं दुकान औशात, बाजाराच्या रस्त्याला. शेजारी गौसभाईंचं वेल्डिंग. आम्हा दोघांच्या मध्ये एक बाकडं, आणि दर बाजाराला त्या बाकड्यावर अप्पा. अप्पा म्हणजे जवळच्या एका गावचे शेतकरी. कपाळाला विभूती, पांढरं धोतर, आणि नव्या कुठल्याही गोष्टीला पहिला सवाल, "कशाला?" मला हा माणूस सुरुवातीला बिलकुल आवडायचा नाही. अख्ख्या तालुक्याच्या मोटारी जळायच्या, यांची एकदाही नाही! असल्या गिऱ्हाइकाला चहा कशाच्या जोरावर पाजायचा?

शेवटी एकदा चिडून विचारलंच, मोटारीला काय तूप पाजता का.

अप्पा म्हणाले, "सोमवारी सुट्टी असती तिला."

त्यांच्या गावात सोमवारी बैलाला औत लावत नाहीत. महादेवाचा वार, नंदीनं आराम करायचा. पुढं विहिरींवर मोटारी आल्या तेव्हा अप्पांच्या वडलांनी ठरवलं, बैलाला सुट्टी तर मोटारीलाही सुट्टी. गावानं ते मानलं. सोमवारी शिवारात एक मोटार वाजायची नाही.

* * *

अप्पांना उधळमाधळ अजिबात खपत नाही. घरात कुणी खोलीतून उठलं की मागोमाग अप्पांचा हात बटणावर. गौसभाई एकदा त्यांच्या फाटकाचं वेल्डिंग करायला गेले. काम झालं, हातपाय धुवायला न्हाणीत शिरले. साबण लावलाय तोंडाला, आणि बल्ब गेला. गौसभाईंना वाटलं लाईट गेली. मग बाहेर खोकल्याचा आवाज आला.

"अप्पा, मैं अंदर हूँ!"

"मग धू की तोंड," बाहेरून अप्पा. "सोताचं तोंड हाय, अंधारात घावना का?"

गौसभाई हा किस्सा सांगताना अजून डोळे चोळतात.

* * *

एका वर्षी अप्पांच्या गावात पाणी वाचवायचा कार्यक्रम झाला. मी गेलो होतो, कारण स्पीकरची वायर माझ्याकडची होती. साहेब तरुण, शहरातले, मनापासून बोलणारे. भूजल म्हणजे काय ते पडद्यावर चित्रं दाखवून समजावत होते. मध्येच कुणीतरी अप्पांच्या सोमवारचा विषय काढला. साहेब हसले. म्हणाले, वार-बीर सोडा आता, काळ बदललाय, शास्त्रीय विचार करा.

पुढच्याच चित्रावर उपाय आला. सगळ्या गावानं मिळून आठवड्यातून एक दिवस उपसा बंद ठेवायचा.

अप्पांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "कोणचा वार ठिवायचा, सायेब?"

"कोणताही चालेल."

"मग सोमवारच ऱ्हाऊ द्या."

साहेब इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. जाताना अप्पांच्या घरी भाकरी खाऊन गेले. अप्पांनाही पोरगं आवडलं. फक्त म्हणाले, याला कुणीतरी सांगा, आमी पर्यावरण-बिर्यावरण करत न्हाई, जे हाय ते मोडत न्हाई.

* * *

मग सोलर पंप आले. बसवायचं काम मीच घेतलं. अप्पांचा मुलगा महेश गावातला पहिला. हुशार आहे, बापाइतकाच हट्टी. अप्पांचा उन्हाशी काही वाद नाही, रोज सकाळी सूर्याला हात जोडतात. पण पॅनल उभे करताना मला विचारलं, याचं बिल किती येतं? म्हटलं, येतच नाही. आणि लोडशेडिंग? तेही नाही, ऊन आहे तोवर पाणी चालू.

"मग थांबा म्हणून कुणी सांगायचं?" अप्पा म्हणाले.

मी नट आवळत राहिलो. उत्तर महेशनं दिलं. तो म्हणाला, अप्पा, बैल थकायचा म्हणून सुट्टी होती, पॅनल थोडंच थकतं?

"हीर थकती की."

महेश हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. त्या सोमवारी महेशचा पंप चालू राहिला. मग शेजाऱ्याचा. बघता बघता गावात सोलर वाढले आणि सोमवार इतर वारांसारखाच झाला. रात्रीच्या लाईटीला शिव्या घालत वाफ्यांची दारं धरणारी माणसं आता दिवसाढवळ्या पाणी देऊ लागली, ही चांगलीच गोष्ट होती. अप्पाही तसं म्हणायचे. पण बाजाराला आले की बाकड्यावर गप्प बसायचे. मला ते बघवायचं नाही.

अप्पांच्या गप्प बसण्याचं कारण बारव. गावाच्या मधोमध पायऱ्यांची जुनी बारव आहे. विहिरी आटल्या की सगळं गाव तिच्यावरच जगतं. आत खोलवर कोनाड्यात एक दगडी नंदी, तो कायम पाण्याखाली असायचा. त्याची पाठ दिसली की समजायचं, आता टँकर. अप्पांनी उभ्या आयुष्यात ती पाठ पाहिली नव्हती. आणि आता पाणी पायरी पायरी खाली चाललं होतं.

* * *

एका सोमवारी महेशचा फोन. मिस्त्री, पंप मेलाय, लगेच या.

टळटळीत दुपार. मीटर घेऊन गेलो, गौसभाईही सोबत आले. वायर तपासली, कंट्रोलर उघडला, सगळं ठीक. डोकं तापलं माझं. मग गौसभाईंनी मागून खांद्याला हात लावला आणि वर बोट दाखवलं. पॅनलवर बैलाची झूल! लाल, आरसे लावलेली, चारी टोकं सुतळीनं बांधलेली. आणि खाली सावलीत अप्पा.

मी म्हटलं, अप्पा, फोनवर सांगायचं ना, एवढ्या उन्हात आलो. तर म्हणाले, फोनवर तुम्ही दोघं बोलत होता, मला कुणी विचारलं?

महेश रागानं पुढं झाला, सुतळीला हात घातला आणि तिथंच थांबला. झूल पाखऱ्याची होती, त्यांच्या शेवटच्या बैलाची. पाखऱ्याला महेशनं वासरू असल्यापासून हातानं चारलं होतं. त्यानं गाठ काही सोडली नाही. मला म्हणाला, जाऊ द्या मिस्त्री, उद्या बघू.

त्यानंतर दर सोमवारी महेशच्या पॅनलवर झूल. गाव हसायचं. अप्पांचा पोळा आठवड्याला असतो म्हणायचे.

* * *

यंदाच्या उन्हाळ्यात अप्पा अंथरुणाला खिळले. लातूरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या एसीनं ते गारठले, पण दवाखान्याचं ब्लँकेट घेईनात. महेशला म्हणाले, पाखऱ्याची झूल आण. नर्सबाई आधी ओरडल्या, मग त्यांनीच ती पायांवर नीट पांघरून दिली.

भेटायला जाईल त्याला अप्पांचा एकच प्रश्न. "नंदी दिसतो का?"

सगळे म्हणायचे, न्हाई. मीही म्हटलं. नंदीची पाठ उघडी पडून आठवडा झाला होता. महेश तर बापाकडं न बघताच न्हाई म्हणायचा आणि बाहेर येऊन रडायचा.

एका सोमवारी मी आणि गौसभाई त्या गावाच्या वाटेनं निघालो होतो. शिवाराजवळ आलो आणि गौसभाईंनी गाडी थांबवली. कुठूनच पाण्याचा आवाज नाही. बघतो तर पॅनलवर गोधड्या! कुठं सतरंजी, कुठं जुनी नऊवारी, कुठं लग्नातली शाल. पाणी वाचवायच्या कार्यक्रमाचा फ्लेक्ससुद्धा कुणीतरी उलटा करून बांधला होता. सगळ्यात जास्त हसणाऱ्या माणसानं तर बायकोची नवी चादर घातली होती. आधी कुणी झाकलं, विचारलं तर एकही सांगेना. गौसभाईंनी बांधावर चढून फोटो काढला आणि आम्ही तसेच लातूरला गेलो.

महेश उशाशी होता. फोटो बघून त्यानं खुर्ची पलंगाजवळ ओढली. बापाला म्हणाला, "अप्पा, नंदी दिसायलाय. मी खोटं बोललो."

"ठावं हाय मला," अप्पा म्हणाले. "तुला खोटं बोलता येत न्हाई."

मग महेशनं फोन त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. अप्पांनी फोटो लई वेळ बघितला. एकेक शेत बोटानं मोठं करून बघितलं. मग बोट एका जागी थांबलं.

"हे कुणाचं उघडं हाय?"

महेशनं वाकून बघितलं. "आपलंच. पण मी बटण बंद करून आलोय, अप्पा."

"बटण कुणाला दिसतंय?"

आणि अप्पांनी पायांवरची झूल काढली, मांडीवर घेऊन तिची हळूहळू घडी घातली, आणि महेशच्या हातात दिली.