बाहुल्याच्या नाकातला कापूस

डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर मी बालवाडी चालवते. आमच्याकडे पाटी नाही, घोकंपट्टी नाही. मुलं डाळी निवडतात, वाटीतून वाटीत पाणी ओततात, कापसाच्या वाती वळतात. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि पाणी सांडलं तर आपलं आपण पुसायचं. मोठ्यांना एकच नियम: मुलाने मदत मागेपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं. ‘हे तर आमची कामवालीपण शिकवेल,’ असं तोंडावर सांगणारे पालक मी पचवले आहेत.

गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका चार वर्षांच्या मुलीचे वडील गेले. एमआयडीसीतल्या कंपनीत कामावर असतानाच हार्ट अटॅक आला. मुलगी परत यायच्या आदल्या दिवशी तिची आजी, वडिलांची आई, मला भेटून गेली.

“बाबा कंपनीच्या कामाने दुबईला गेलेत, असं सांगितलंय तिला. तुम्हीही तेच सांगा हं, बाई.”

मला संताप आला. आपल्याकडे पोराला इंजेक्शन देतानाही ‘काही नाही, मुंगी चावेल’ म्हणतात. मरणाचं तर विचारायलाच नको. मी म्हटलं, मी आपणहून काही बोलणार नाही, पण तिने विचारलं तर खोटं सांगणार नाही. आजी पदर सावरून उठल्या.

मुलीची आई मात्र तिला न्यायला रोज टिकली लावून यायची. पोरीला संशय यायला नको म्हणून. सासूला ते खपत नव्हतं आणि सोसायटीतल्या बायका पाठीमागे काय बोलत ते माझ्या कानावर येतच होतं. तिच्याकडे बघून माझा राग कुठल्या कुठे जायचा.

एका सकाळी मुलीने खेळातला बाहुला घेतला आणि चटईवर आडवा केला. गळ्यापर्यंत पांढरा नॅपकिन पांघरला. मग वातींच्या डब्यातून कापूस घेतला, त्याचे दोन बोळे वळले आणि त्याच्या नाकाला लावले. दारातल्या कुंडीतलं तुळशीचं पान आणून त्याच्या ओठांवर ठेवलं आणि चमच्याने वर पाणी घातलं.

“सर्दी झालीय का त्याला?” शेजारच्या मुलाने विचारलं.

“नाही. तो आता श्वास नाही घेत.”

बाकीच्या मुलांनी तिच्यामागे रांग लावली, कारण आमच्याकडे नंबर लावायचा असतो. एकेक जण पुढे येऊन चमचाभर पाणी घालायचा, नमस्कार करायचा आणि बाजूला व्हायचा. कोणी हसलं नाही.

वडिलांना नेलं त्या दिवशी तिला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं, टीव्हीसमोर. टीव्हीसमोर बसवलेलं मूल टीव्हीच बघतं, असा मोठ्यांचा भाबडा समज. शेजाऱ्यांच्या खिडकीखालीच त्यांच्या बिल्डिंगचं पार्किंग आहे; वडिलांना तिथेच ठेवलं होतं. मला रडू फुटत होतं, तरी मी हात मागे घट्ट धरून उभी राहिले.

तेवढ्यात दाराशी तिच्या आईचा आवाज आला. नेहमीपेक्षा लवकर आली होती.

मुलीने झटकन नॅपकिन ओढला, तुळशीचं पान खिशात टाकलं, कापूस काढला. तो कुठे ठेवावा तिला कळेना. मग माझ्यामागे येऊन तिने ते ओले बोळे माझ्या मुठीत कोंबले. बाहुल्याला बसतं केलं आणि फडकं घेऊन सांडलेलं पाणी पुसायला लागली.

“काय खेळत होतीस गं?” आईने विचारलं.

“हा दुबईला चाललाय.”

आई हसली. तिने मुलीला कडेवर घेतलं, टिकली सरळ केली आणि हळूच मला म्हणाली, “बरं आहे ना, ताई, हिला अजून काही कळत नाही.”

आईच्या खांद्यावरून मुलगी माझ्याकडे बघत होती. ती मदत मागत नव्हती. मी हात मागेच ठेवले.