काकूंची रबरी पाल

सकाळी सहा चाळीसला रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईघरात काकू एका चादरीची दोन टोकं धरून उभ्या होत्या. समोरची दोन टोकं टकळीच्या हातात. टकळीचं खरं नाव इथे कुणी वापरत नाही. तिचं तोंड बंद असलेलंही कुणी पाहिलेलं नाही. यंत्रातून निघालेली चादर दोघींनी ताणायची, झटकायची आणि एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक भिडवायचं. घडीचं सगळं काम या चालण्यात आहे.

काकू पक्षाघातानंतर सात महिन्यांनी कामावर आल्या होत्या. मुकादमबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. आज घडीचं काम अडलं नाही तर जागा तुमची. अडलं तर कोपऱ्यात बसून फाटक्या चादरी शिवायच्या. शिवणात काकूंना कमीपणा वाटत नव्हता. पण त्या कोपऱ्यात यंत्रांच्या घरघरीपुढे टकळीचाही आवाज पोचत नाही, आणि वर्षानुवर्षं दोघींचा दिवस चादरीच्या दोन टोकांवरून बोलण्यातच गेलेला.

आजारानंतर डावा पाय फरपटायचा. घरी व्यायाम घ्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी कानीकपाळी ओरडायची, की पायांकडे बघू नका, समोर बघा; आधी एका पायावर वजन टाका, मग दुसरा उचला. काकूंना पटायचं, नजरेला पटायचं नाही. एकदा दगा दिलेल्या पायावर न बघता भरवसा ठेवायचा कसा?

घरी काकांना नाद जुन्या जपानी राक्षसपटांचा. बसदुरुस्तीतून निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी एक तरी हवाच. काकू म्हणायच्या, "लागली तुमची रबरी पाल," आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. आजारपणात जाणार कुठे? रिमोट काकांच्या हातात. आलिया भोगासी म्हणत त्या बघू लागल्या आणि खोड्या काढू लागल्या: पुठ्ठ्याची शहरं, खेळण्यातले रणगाडे, किंचाळत पळणारी जनता. काका वाद घालत नसत. कुणीतरी खपून त्या शहराची खिडकीन् खिडकी बसवलीय, ते एका लाथेत पडणार हे माहीत असून, याचंच त्यांना अप्रूप. शिवाय त्या पालीच्या पोटात माणूस असतो, ते म्हणाले. अंगावर मणाचं ओझं, घामाच्या धारा, बाहेरचं धड दिसत नाही, तरी चालतो.

त्या दुपारी काकूंनी पहिल्यांदा राक्षसाचे पाय बघितले. तो वजन एका बाजूला टाकत होता, थांबत होता, मग दुसरा पाय उचलून ठेवत होता. कसली घाई नाही. आणि खाली एकदाही बघत नव्हता.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा मागे घ्या."

दुसऱ्या दिवसापासून घराच्या बोळकांडीत तालीम सुरू झाली. काकू पुढे येत. काका हात पसरून उलटे चालत, तोल गेलाच तर धरायला. फिजिओथेरपिस्टने विचारलं, हे काय चाललंय?

"मी घाबरलेली जनता," काका म्हणाले.

मुलगी हसून हसून खाली बसली. मी घसा फोडून हेच सांगत होते, म्हणाली, पण असंच चालू दे.

आणि आता ही चादर. ती छातीशी ताणून धरली की पाय दिसतच नाहीत, हे काकू सात महिन्यांत विसरून गेल्या होत्या. मुकादमबाई बघत होत्या. टकळी चक्क गप्प झाली, ते त्याहून वाईट. काकूंनी नजर टकळीच्या कपाळावर रोवली. वजन उजवीकडे. दम घेतला. डावा उचलला, ठेवला. टोकाला टोक भिडलं.

"काकू, मला वाटलं खाताय आता मला."

"मग पळायचं. जनतेला तेवढंच काम."

टकळीची टकळी सुरू झाली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत. चादरींचा ढीग उतरत गेला. मुकादमबाई एकदाही मध्ये आल्या नाहीत.

सुट्टीत काकूंनी घरी फोन लावला. जमलं, एवढंच सांगितलं. मग विचारलं, "त्या पालीतल्या माणसाचं नाव काय हो?"

काका म्हणाले, शेवटी बारीक अक्षरांत येतं, पण जपानीत. मला कुठे वाचता येतंय?

"मग त्याचे आभारही तुम्हीच घ्या," काकू म्हणाल्या. "तुमच्या आभारांसकट."

काकांनी डबा नीट खाल्लास का, असं विचारलं.

मुकादमबाईंनी कौतुक केलं नाही. पाळी संपताना फळ्यावर उद्याची कामं लिहिली. उद्या वॉर्डांचे पडदे येतात. ते चादरीहून लांब असतात आणि चालावं लागतं जवळजवळ दुप्पट. पडद्यांच्या घडीला, सहाच्या पाळीत, काकू आणि टकळी आहेत.