एकसष्टावी बाग

हे मी पत्नीच्या परवानगीनं लिहितो आहे. "लिहा, पन जसं झालं तसंच लिहा," एवढंच ती म्हणाली.

माझी सगळी नोकरी अकोटच्या कापूस खरेदी केंद्रावर झाली. मी ग्रेडर होतो. ढिगातला चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा पाहायचा, प्रत सांगायची. मी सांगितलेलं सहसा कुणी खोडत नसे, आणि ती सवय घरीही आली होती. निवृत्त होऊन आम्ही अमरावतीला आलो, तोवर कपाशीच्या गावांची वाईट वर्षं सुरू झाली होती. तिचं माहेर त्याच कोरडवाहू पट्ट्यातलं. सकाळचा पेपर तिच्या हाती लागण्याआधी मी गादीखाली सारून ठेवायचो.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर मागे राहिला. त्यात कोड्यांचा एक खेळ होता. पडद्यावर वाळलेली बाग, कोपऱ्यात विहीर, मधे पाटाचे विस्कटलेले तुकडे. एकेक तुकडा फिरवून पाणी प्रत्येक झाडापर्यंत न्यायचं. पाणी पोचलं की झाड सावकाश हिरवं होई. अशा साठ बागा होत्या, आणि निरनिराळ्या करामतींसाठी तांब्याच्या पानासारखी दिसणारी पदकं.

दुपारची जेवणं आटोपली की ती खिडक्यांचे पडदे ओढून खेळायला बसे. खोलीत तेवढाच हिरवा उजेड. मी पलंगावर पडून पाहत असे, आणि डोळा लागता लागता मला पाटाचं पाणी ऐकू येई. तिला स्वप्नंही त्याचीच पडत. सकाळी चहा गाळताना ती सांगायची, रात्री विहिरीचं पाणी पार माहेरच्या गल्लीपर्यंत गेलं होतं, अन् बाया उंबऱ्यावर बसून पाय भिजवत होत्या.

दीड वर्षात तिनं एक सोडून सगळी पदकं मिळवली. उरलेलं शेवटचं. साठही बागा ओळीनं भिजवायच्या, एकही तुकडा दुसऱ्यांदा न फिरवता. चूक झाली की पुन्हा पहिलीपासून. सगळं बिनचूक जमलं तरच एकसष्टावी बाग उघडायची, तीही एकदाच; ती भिजली की पदक.

कार्तिकात एका दुपारी तिची साठावी बाग भिजली. दुसऱ्या दिवशी तिला बहिणीसोबत कौंडण्यपूरच्या यात्रेला जायचं होतं. ती पुढची बाग न उघडताच उठली. आल्यावर निवांत उघडीन, म्हणाली. जाताना दारातून बजावलं, "मशीनले हात नोका लावजा."

दुसऱ्या दुपारी घर फार शांत वाटलं. मी फक्त बघायला म्हणून ती बाग उघडली. मग एक तुकडा फिरवला. मग दुसरा. तासाभरात पाणी शेवटच्या झाडाला लागलं, पान चमकलं आणि बाग मिटली.

ती आली, पाय धुतले, प्रसादाच्या लाह्या माझ्या हातावर ठेवल्या आणि खुर्चीत बसली. पडद्यावर शेवटचं पान आधीच लागलेलं होतं. मग तिनं मला विचारलं, ही बाग कुणी भिजवली म्हणून.

"तूच तं केलं, जायच्या आदल्या दिवशी," मी म्हणालो. "इसरली का?"

"मी केलं असीन तं मले बाग कशी नाही आठवत?"

वय झालं आता, असं मी म्हणालो. प्रत सांगावी तसं.

तिनं ते खरं मानलं. त्या दिवसापासून ती गॅसचं बटण दोनदा चाचपू लागली. दूधवाला येऊन गेला की कॅलेंडरवर खूण करी. चारचौघांत काही सांगताना माझ्याकडे पाही, बरोबर आहे ना म्हणून. खेळाला तिनं पुन्हा हात लावला नाही. एका शब्दात ती मोकळी झाली असती, पहिल्या बागेपासून परत निघाली असती. तो शब्द मी बारा वर्षं दिला नाही.

मागच्या वर्षी अकोल्याला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी औषधांच्या वेळा सांगितल्या, तर ती म्हणाली, "यायलेच सांगा, माह्या काही ध्यानात राहत नाही." परतीच्या एसटीत, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, मी तिला सगळं सांगितलं.

हिरव्या पट्टीखालून ती खिडकीबाहेर पाहत राहिली. शेतं मागे जात होती.

"मंग माह्या डोक्याले काहीच झालं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

बडनेऱ्याला एसटी थांबली. मग तिनं विचारलं, "त्या बागेत झाड कोनतं होतं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नोका सांगू."

मुलानं तो खेळ शोधून कॉम्प्युटरवर पुन्हा घालून दिला आहे. पदकांची सगळी पानं कोरी. बोटं आता कापतात, चुका होतात, ती पुन्हा पहिल्या बागेवर येते. आज बेचाळिसावी चालू आहे. माझी खुर्ची तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे आणि मी तिथे बसूनच हे लिहितो आहे. पाठीमागे मधूनच पाणी सुटल्याचा आवाज येतो. मी वळत नाही.