कॅलिपर कोण धरणार

"ब्रेक किंचाळतायत तोवर कोंडाईबारीच्या घाटातून गाडी आणायची नाही. तोवर मला न्यायला येऊ नका," बायको फोनवर म्हणाली. दिवाळीनंतर ती धुळ्याला गेली, अंथरुणाला खिळलेल्या तिच्या वडिलांपाशी. रविवारी मी तिला आणायला जाणार होतो. चार दिवसांसाठी तरी ती यावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

म्हणून शनिवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हत्यारं मांडली. जॅक, चाकाचा पाना, चौदा नंबरचा पाना, पिस्टन मागे दाबायला सी-क्लॅम्प, वायर ब्रश, ग्रीस, नवे पॅड. मागच्या चाकांना विटा लावल्या. डावं पुढचं चाक काढलं आणि पट्टी लावून पाहिली. आतल्या पॅडवर दोन मिलिमीटर उरलं होतं, बाहेरच्यावर पाच. म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन जाम झाली होती. पिन साफ करायची तर अख्खा कॅलिपर काढावा लागणार होता.

दोन्ही बोल्ट सुटले आणि मी कॅलिपर हातात धरून तसाच बसलो. त्याला ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचं नसतं, नळी आतून फाटते. हे काम नेहमी तिचं. स्टुलावर बसून कॅलिपर मांडीवरच्या जुन्या टॉवेलात धरायची आणि म्हणायची, "आटपा, कुकर लावायचाय."

गेटवरचा वॉचमन बघत होता. तो इथेच नवागामला राहतो, मूळचा धुळ्याजवळच्या साक्रीकडचा.

"साहेब, एकलाच लागनात?"

"हो, एकटाच लागलोय. तार आहे का थोडी?"

त्याने टेबलफॅनची तुटकी वायर आणून दिली. त्या वायरने मी कॅलिपर वर स्प्रिंगला बांधला. पिन साफ केली, ग्रीस लावलं, जुना पॅड मध्ये ठेवून पिस्टन सावकाश मागे दाबला, नवे पॅड बसवले आणि चाक लावलं. मग तेच उजव्या बाजूला. शेवटी आत बसून पेडल मारत राहिलो. आधी ते पार खाली गेलं, मग हळूहळू वर येऊन घट्ट झालं.

शहराबाहेर इच्छापोरपर्यंत गाडी नेली. आधी रिकाम्या जागेत ब्रेक मारून पाहिले, नंतर सिग्नलवर. आवाज नव्हता. रस्त्याकडेला थांबून तिला फोन लावला.

"आवाज गेला."

"कॅलिपर कोणी धरला?"

"वायरनं बांधला."

"बरं झालं. वायर कटकट करत नाही."

मी हसलो. ती हसली नाही. मागे तिचे वडील काहीतरी मागत होते. "आले, नाना," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "उद्या जेवायला या. तुमच्यासाठी शेवभाजी करते."

"आणि मग?"

"मग लवकर निघा. घाट उजेडात उतरा, एकटेच असाल."

मी बरं म्हणालो. ब्रेक गरम झालेत का ते खाली उतरून हाताने पाहिलं, आणि घरी जायला गाडी वळवली.