मालुबाई आणि चाफेवाडीचा मंगळवार

मालुबाईचं बोलणं लोकांना झोंबतं. मला विचाराल तर चूक लोकांची आहे. सरळ बोलणाऱ्या बाईची सवय नसते, मग तिलाच तिरकी म्हणून मोकळं व्हायचं. मी भरमू, तिचा शेजारी. शेजारी म्हणजे मध्ये ओढा आहे. माझं घर जुन्या वाडीत आणि तिचं ओढ्यापलीकडं, एकटंच. बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागलं की फाट्यावरून आत आमची चाफेवाडी. सकाळी आम्ही दोघं एकाच बसनं उद्यमबागेत कामाला जातो, मी लेथवर आणि ती एका फौंड्रीत. तेव्हा सांगतो ते डोळ्यांदेखतचं आहे.

बसचंच घ्या. पूर्वी फाट्यावर बस थांबायची नाही. स्टॉप मंजूर नाही, असं कंडक्टर खिडकीतनं सांगायचा आणि बस पुढं. मारुतीराव आमच्या वाडीचे पंच, जत्रा, मानपान, भांडणतंटा सगळं त्यांच्याकडं. त्यांनी निवेदनं दिली, फोटो काढून पेपरात छापून आणले. बस काही थांबेना. मग एका सकाळी मालुबाई डबा काखोटीला मारून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, शेवटी ब्रेक दाबला. ही दार उघडून चढली आणि म्हणाली, "मंजुरी येऊ दे की निवांत. तवर आमी चढतो." त्या दिवसापासून बस थांबते. मंजुरी अजून आलेली नाही.

मालुबाईचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला. भावकीनं सुचवलं, माहेरी जा, तिथं सुखात राहशील. कुणाच्या सुखाची काळजी होती ते तिला कळत होतं. ओढ्यापलीकडचा खडकाळ तुकडा नवऱ्याच्या वाटणीचा होता. तिथं नांगर चालत नव्हता, म्हणून त्याच्यावर कुणाचा डोळाही नव्हता. तिनं तिथंच घर बांधायचं ठरवलं. फौंड्रीत ती कोअर करते, म्हणजे वाळूत तेल कालवून साच्यात दाबायचं आणि भट्टीत भाजायचं. उन्हाळ्यात तिथं उभं राहून दाखवा, मग बोला. त्या पगारातनं तिनं एकेक भिंत उभी केली. एका साली पाया, मग भिंती, मग पत्रे. दार तर कित्येक दिवस नव्हतंच, गोणपाट लावून राहिली. पायाचे दगड ओढ्यातनं तिनं स्वतः वाहिले. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "भरम्या, उद्या तूच सांगत फिरशील, घर मी बांधून दिलं म्हणून. ठेव त्यो दगुड खाली." तेव्हा राग आला होता. पण मी खरंच सांगत फिरलो असतो, हेही खरं आहे.

आता मुद्द्याचं. आमच्याकडं लक्ष्मीची जत्रा बऱ्याच वर्षांनी येते. जत्रेआधी काही महिने गाव वार पाळतं. दर मंगळवारी सकाळी घरांना कुलपं लावायची आणि माणसं, गुरं, कोंबड्या, सगळ्यांनी शिवारात जायचं. चूल तिथंच मांडायची, जेवायचं तिथंच. दिवसभर छपराखाली पाऊल टाकायचं नाही. म्हातारीकोतारी असोत की तान्ही पोरं, सुटका कुणालाच नाही. पोरांना तर ही सुट्टीच वाटते. वाडीत त्या दिवशी मांजरं तेवढी राहतात, त्यांना कोण सांगणार?

नेमक्या अशाच एका मंगळवारी शहराच्या नव्या विकास आराखड्याची पाहणी करणारी माणसं चाफेवाडीत येऊन गेली. आराखडा म्हणजे पुढच्या काळात कुठं घरं, कुठं कारखाने, कुठं रस्ते ते ठरवायचं. कुठल्या तरी कंपनीला हे काम दिलं होतं. त्यांनी टॅबवर कुलपांचे फोटो काढले. हाक मारली असेल, ओ कोण देणार? चूल नाही, धूर नाही, गोठे रिकामे. त्यांनी लिहून टाकलं, वस्ती नाही, घरं सोडून दिलेली. फाट्यावर चहावाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण टॅबात चहावाल्याचा रकाना नसावा.

आराखड्याचा मसुदा बेळगावात नगररचनेच्या ऑफिसच्या भिंतीवर लागला, तेव्हा आम्ही बघायला गेलो. राहत्या वस्तीला पिवळा रंग, कारखान्यांना जांभळा. आमच्या आजूबाजूची गावं पिवळी होती. आमच्या जागेवर सगळा जांभळा. देऊळ नाही, विहीर नाही, ओढासुद्धा नाही. उद्यमबागेत जागा पुरेना म्हणून कारखान्यांचा नवा पट्टा तिथं येणार होता. एकदा का हा रंग पक्का झाला, की घराला परवानगी नाही, दुरुस्ती नाही, आणि एक दिवस जागा सोडा म्हणून सांगायला येणार. मालुबाई त्या जांभळ्याकडं बघत उभी राहिली. "कारखान्यात जल्म गेला," ती म्हणाली, "आता कारखानाच घरात यायलाय."

आम्ही रीतसर हरकत घेतली. उत्तर आलं की पाहणीच्या दिवशी सर्व घरं बंद आढळली, फोटो आहेत. मारुतीरावांनी बैठक बोलावली. त्यांचं म्हणणं, जत्रा होऊ दे, मग मोठ्या माणसांना भेटू, हार घालू, सांगू. हरकतीची मुदत जत्रेच्या आधीच संपत होती, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण देवीच्या कामात कचेरी नको, असा त्यांचा हट्ट.

मालुबाई बायकांच्या घोळक्यातनं उठली. "येत्या मंगळवारचा वार त्या ऑफिसच्या आवारात पाळायचा," ती म्हणाली.

मारुतीराव ताडकन बोलले, "वार शिवारात पाळायचा आसतोय. गावची शीव वलांडून न्हाय. तुला रीत म्हायती न्हाय काय?"

"रीत म्हायती हाय. तुमी मला शिवार दावा. तितल्या नकाशात आमचं शिवार हाय काय? सगळं नेऊन त्येनी त्या भिंतीवर ठेवलंय. जितं गाव नेऊन ठेवलंय तितंच वार पाळायचा. दुसरीकडं कुटं जानार?"

मारुतीरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "गुरंबी न्यायची म्हंजे ट्रॉल्या लागतील." पंच असं बोलले की समजायचं, झालं.

मंगळवारी दिवस उगवायला आम्ही निघालो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत माणसं, सरपण, पातेली, शेळ्या, आणि मालुबाईची म्हैस. ऑफिसचा वॉचमन फाटक उघडून साहेबांच्या गाडीची वाट बघत उभा होता. आत म्हैस आली. तो कानडीत ओरडला, इथं गुरं चालत नाहीत. मालुबाई फौंड्रीत कानडी शिकली आहे, शिव्यांसकट. त्या दिवशी शिव्या वापरल्या नाहीत. "यारू इल्ला अंत बरदीरी," ती म्हणाली, "ईग नोडरी." कुणी नाही म्हणून लिहिलंत ना, आता बघा. वॉचमनचंही गाव कुठंतरी असणार. त्यानं फाटक उघडं ठेवलं.

बायकांनी दगड मांडून चुली पेटवल्या. कडेच्या गुलमोहराला गुरं बांधली. आमटीचा वास पहिल्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण खिडक्यांतनं माणसं डोकवायला लागली. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. पोलीस आले तर पहिलं मला धरतील, उंच माणूस लगेच दिसतो.

पोलीस आले नाहीत. प्रियदर्शनी मॅडम आल्या. आराखड्याचं काम बघणाऱ्या अधिकारी, वयानं तरुण, धारवाडकडच्या. मराठी बऱ्यापैकी बोलायच्या. त्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "असं करू नका. चारजण आत या, बसून बोलूया."

"आत यायला येत न्हाय," मालुबाई म्हणाली.

"का?"

"आज वार हाय. आमी छपराखाली येत न्हाय. तुमी भाईर या."

मॅडमना ते कळेना. मग मारुतीरावांनी पुढं होऊन वार म्हणजे काय ते सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. "ज्या दिवशी तुमची मान्सं आली, त्या दिवशीबी मंगळवारच हुता. आमी घरं सोडून गेलो न्हवतो. देवीसाठी भाईर हुतो."

मॅडम आत गेल्या आणि शिपायाकडून टेबल, नकाशा घेऊन उन्हात आल्या. सगळं ऑफिस आमच्यासाठी बाहेर आलेलं बघून माझी छाती भरून आली, खोटं कशाला बोलू. पूर्वी तिथं गेलो की बाकावर बसून राहायचो, कुणी हाक मारील म्हणून.

दुपार सगळी त्या टेबलाभोवती गेली. मॅडमनी मोबाइलवर सॅटेलाइटचा फोटो उघडून जुनी वाडी बघितली, वरती फोन केले. दिवस कलताना त्यांनी सांगितलं, पुन्हा पाहणी होईल, जुनी वाडी पिवळ्या रंगात दाखवायची शिफारस त्या आजच पाठवतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी देवीच्या नावानं चांगभलं म्हटलं. बायका चुली विझवायला लागल्या.

"आनि वड्यापलीकडं?" मालुबाईनं विचारलं.

मॅडमनी सॅटेलाइटच्या फोटोकडं पुन्हा बघितलं. "तिकडं एकच घर दिसतं. एका घरासाठी पट्टा तोडता येत नाही, आक्का. तुम्हाला घर बांधायला दुसरीकडं साइट मिळेल. गाव तर वाचलं ना?"

मालुबाई रडली नाही, ओरडली नाही. चुलीपाशी जाऊन बसली आणि विझत आलेल्या लाकडावर फुंकर मारली. "तुमी जावा," आमच्याकडं न बघता म्हणाली. "मी हाय हितं. मला घाई न्हाय."

ट्रॉलीत चढलेल्यांतले काही खाली बघायला लागले. काही म्हणाले, मिळालं तेवढं पदरात पाडून घेऊ, एकीपायी सगळं जायला नको. मला त्यांचा संताप आला, आणि ते बरोबर बोलतायत असं वाटून स्वतःचाही आला. मी ट्रॉलीतच बसून राहिलो.

दिवेलागण झाली. या वेळेला पंचानं नारळ फोडायचा असतो. नारळ फुटला की वार सुटला, मग घरात जायला मोकळीक. तोपर्यंत कुणाला उंबरा ओलांडता येत नाही. मारुतीरावांनी पिशवीतनं नारळ काढला, शेंडी धरली, दगडापाशी वाकले. मग वाकलेले तसेच थांबले. मालुबाईकडं बघितलं, सरळ झाले आणि म्हणाले, "वार सुटला न्हाय."

"म्हंजे?" ट्रॉलीतनं कुणीतरी विचारलं.

"म्हंजे उतरा खाली. गावातली एक बाई घरात जाईना, तर वार कसा सुटंल?"

माणसं उतरली. कुरकुर झाली, पण उतरली. बायकांनी पुन्हा पीठ मळायला घेतलं. मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या, "ऑफिस बंद करायची वेळ झाली."

"करा की बंद," मालुबाई म्हणाली. "आमी भाईरच हाव."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. शिपाई टेबल उचलायला आला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. बॅटरीच्या उजेडात नकाशा पुन्हा पसरला, पेन काढलं आणि विचारलं, "तुमचं घर नेमकं कुठं, आक्का? दाखवा."

मालुबाई उठून टेबलापाशी आली. जांभळ्या कागदावर ओढा नव्हता, पायवाट नव्हती. तिनं बोट उचललंच नाही.

"ह्या कागदावर माझं घर न्हाय, मी कशाला दावू? उद्या बुधवार. उद्या मी घरात हाय. चालत या, वडा वलांडून."

मॅडमनी पेन मिटलं. "येते," त्या म्हणाल्या.

"किती वाजता?" नारळ हातात तसाच धरून मारुतीरावांनी विचारलं.