कमलबाईंनी घासलेलं पोवळं

शिरड शहापूरच्या कमलबाई खंदारे यांनी समुद्र पाहिलेला नाही. सिद्धेश्वर धरण पाहिलंय, तेही एकदाच, वऱ्हाडाच्या टेम्पोतून. एवढं पाणी एका जागी साठवून ठेवणं काही बरं नव्हे, असं त्यांचं त्यावर मत आहे. तरीही अरबी समुद्राच्या तळाशी, जिथे ऊन कधी पोचलेलं नाही अशा गार चिखलात राहणारं एक पोवळं नेमकं कुठलं, या प्रश्नात त्यांचा हात होता. हात म्हणजे खरोखरचा हात, चिंच आणि मीठ लावलेला.

कमलबाई आणि कोंडीबा यांचा हडंबा आहे, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारं मळणीयंत्र. सोयाबीन निघालं की दोघं एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर फिरतात. कोंडीबा ट्रॅक्टर सांभाळतात आणि कमलबाई मशीन झाडतात. हे झाडणं पंचक्रोशीत माहीत आहे. एका शेतकऱ्याची रास निघाली की पुढच्याच्या खळ्यावर मशीन लावण्याआधी त्या चाळण्या काढायला लावतात, शिंदीच्या झाडूने मशीनचं पोट झाडतात, जाळी आपटतात, मशीन रिकामी फिरवतात आणि पुन्हा झाडतात. तोवर ज्याचं खळं त्याने ढगांकडे बघत उभं राहायचं.

"कमलबाई, मशीन हाय का देवघर?" रामकिशनराव एकदा वैतागून म्हणाले. गावात त्यांची जमीन मोठी आणि घाईही तेवढीच.

"देवघर राहिलं असतं तं तुमीच झाडलं असतं," कमलबाई म्हणाल्या आणि झाडत राहिल्या.

यामागे कारण आहे. एकाचं बी दुसऱ्याच्या पोत्यात गेलं तर त्या दिवशी कुणाला कळत नाही. पुढच्या साली बियाणं म्हणून पेरलं की शेतात मधूनच भलत्या उंचीची झाडं डोकं वर काढतात, आणि मग सगळा गाव विचारतो की मशीन कुणाची होती. असं एकदा गावातल्याच विजयकुमारच्या शेतात झालं होतं. मशीन दुसऱ्याची होती, पण कमलबाईंनी धडा घेतला. ज्याची मशीन होती त्याने तो घेतल्याचं ऐकिवात नाही.

घरातही त्यांचा हा स्वभाव चालूच असतो. तांब्याचा हंडा चिंच-मिठाने घासून असा ठेवतात की शेजारच्या बाया त्यात बघून कुंकू लावून जातात. म्हशीलाही चिंच लावायची राहिली आहे तेवढी, असं कोंडीबा म्हणतात. अर्थात, त्या ऐकत नसताना.

त्यांची मुलगी दीक्षा हिंगोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली, विद्यापीठात गेली आणि तिथून कोचीला समुद्रावर संशोधन करायला. समुद्रच का, असं विचारलं तर ती सांगते की गोड्या पाण्यातल्या माशांवरच्या जागा भरल्या होत्या. तिच्या वाट्याला पोवळी आली, त्यातही एकटी राहणारी. बाकीची पोवळी वस्ती करून राहतात, भिंतीला भिंत लावून, एखाद्या गल्लीसारखी. ही जात खोल पाण्यात एकेकटी चिखलात रुतून असते. आकार अर्धवट उघडलेल्या पंख्यासारखा, उंची अंगठ्याएवढी.

"एकटंच राहते?" कमलबाईंनी फोनवर विचारलं होतं. "मंग खाते काय?"

"वरून पडंल ते."

"तुझ्या दगडोबा काकावाणी."

दीक्षाने हे उदाहरण नंतर एका परिसंवादात वापरलं. कुणी हसलं नाही. तिथे दगडोबा काकांना कुणी ओळखत नव्हतं.

दीक्षाच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडलं होतं ते संशोधन-जहाजाच्या एका फेरीत. जहाजामागे जाळं सोडून तळ खरवडत ओढतात आणि वर काढून त्यात काय आलं ते बघतात. त्या दिवशी जाळं दोन ठिकाणी ओढलं. पहिलं ठिकाण दक्षिणेला होतं. तिथे हे पोवळं असतं हे जुन्या मंडळींनी कधीच लिहून ठेवलंय. दुसरं ठिकाण उत्तरेला, आपल्या किनाऱ्यासमोर. तिथे ते असल्याची नोंद कुणाचीच नाही. दुसऱ्या ओढीत, कोळंबीच्या ढिगाखाली, दीक्षाला एक पोवळं मिळालं. एकच. ते तिथलंच ठरलं तर नव्या ठिकाणची पहिली नोंद तिच्या नावावर, आणि प्रबंध पुरा. तिची शिष्यवृत्ती त्या वर्षी संपत होती.

अडचण एवढीच की दोन ओढींच्या मधे जाळं धुतलेलं नव्हतं. समुद्र खवळलेला, माणसं दमलेली. त्यांनी जाळं झटकलं आणि पुन्हा सोडलं. घड्याघड्यांचं ते पोवळं पहिल्याच ओढीत जाळ्याच्या कोपऱ्यात अडकून दुसऱ्या ओढीत खाली पडलं नसेल कशावरून?

"दुसऱ्या ओढीत आलं ना? मग दुसरीकडचंच," तिचे सर म्हणाले. सर वाईट नव्हते, त्यांना अहवाल द्यायचा होता.

दीक्षाला ते पटेना. साक्षीदार एकच उरला होता: पोवळ्याच्या घड्यांत घट्ट बसलेला चिखल. दोन्ही ठिकाणचा चिखल बाटल्यांत भरून ठेवलेला होता, आणि दोन्हीत सापडणारे बारीक शिंपले वेगवेगळे. पुण्यात एक मॅडम आहेत, त्या असल्या चिखलातलं शिंपलं ओळखतात. घड्यांतला चिखल बाटलीतल्याशी जुळवून बघायचा, की निकाल लागला. म्हणून दीक्षा परवानगी काढून, पोवळं कापसात गुंडाळून, डबीत घालून पुण्याला निघाली. कोचीहून पुण्याला जाताना शिरड शहापूर वाटेत लागत नाही. आत्याच्या पोरीचं लग्न असलं की लागतं.

"माय, ही डबी जपून ठेव," ती म्हणाली. "लई जिम्मेदारीची वस्तू हाय." धुऊ नकोस, असं ती म्हणाली नाही. जगातल्या कुठल्याच संस्थेच्या नियमावलीत तसं वाक्य नसावं, कारण नियमावल्या लिहिणारे कमलबाईंना भेटलेले नाहीत.

दीक्षाने समुद्रातून पोवळं आणलं ही बातमी गावात फिरली. रामकिशनरावांच्या आशाबाईंच्या कानावर ती पोचली तेव्हा त्यांच्या वैष्णवीचं लग्न मंगळापाशी अडलं होतं. औंढ्याला देवळाजवळ बसणाऱ्या एका गृहस्थाने पोरीच्या बोटात पोवळं घालायला सांगितलं होतं. दुकानातलं खरं की काचेचं, याची आशाबाईंना शंका. इथे तर थेट समुद्रातून आलेलं. दुपारी बघायला येते, असा त्यांनी निरोप धाडला.

दीक्षा त्या वेळी आत्याबरोबर लग्नाच्या खरेदीला औंढ्याला गेली होती. आशाबाई आजवर अनेकदा आल्या होत्या: मशीन कधी येते ते विचारायला, हळद काढायला बाया किती मिळतील ते विचारायला. ओट्यापाशी उभ्या राहून बोलत आणि तिथूनच परत जात. या वेळी वस्तू आत होती, म्हणजे बाईही आत येणार होत्या.

कमलबाईंनी घर झाडलं, सतरंजी अंथरली, भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीची काच पुसली आणि डबी उघडली. आत मातीने लिंपलेलं काहीतरी होतं. एवढी शिकलेली पोरगी, एवढ्या लांबून आणलेली वस्तू, आणि ही दशा. पाहुण्यांसमोर हे ठेवायचं कसं?

आधी पाणी झालं. मग जुना ब्रश. घड्यांत ब्रश जाईना म्हणून बाभळीचा काटा. तरी तेज येईना, तेव्हा चिंच आणि मीठ. चिंच लागताच पोवळ्यावर बारीक बुडबुडे आले. मळ सुटून राहिला, असं कमलबाईंना वाटलं. सुटत होतं ते पोवळंच.

आशाबाई आल्या, आत आल्या, सतरंजीवर बसल्या. बशीतल्या पोवळ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे पांढरं कसं काय?"

"लई खोलचं हाय, ताई."

"मंगळाला लाल लागते."

"मंगळाचं मला न्हाई माहीत. पोरगी म्हणते, हे एकटंच राहते. जलमभर."

आशाबाईंनी बशी हलकेच बाजूला सारली. "मंग नकोच बाई. लेकीचं लग्न जमवायचं, अन् एकटं राहणारं कशाला घालावं बोटात?"

दोघी हसल्या. चहा झाला. आशाबाईंनी तो पूर्ण घेतला. त्या घरात त्यांनी चहा घेतल्याची ही पहिलीच नोंद, आणि हिच्या ठिकाणाबद्दल कुणाला शंका नाही.

संध्याकाळी दीक्षा आली. कमलबाईंनी कौतुकाने बशी पुढे केली. पोवळं लखलखीत होतं. ज्या बारीक धारांवरून जात ओळखतात त्या बोथट झाल्या होत्या, आणि घड्यांत काहीही उरलं नव्हतं.

"पाणी कुठं टाकलंस?" दीक्षाने विचारलं.

"मोरीत. काहून?"

दीक्षा खाली बसली. कोंडीबा दारातून म्हणाले, "लेकरू रडून राहिलं की काय?"

"माय, तो चिखलच तं नेऊन दाखवायचा होता."

"चिखल?" कमलबाईंना उमगेना. वस्तू शाबूत आहे, घाण गेली आहे, मग तकलीफ कशाची? दीक्षाने शास्त्राच्या भाषेत सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. नाक पुसून ती म्हणाली, "असं समज, मशीन एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर गेली. मधात कुणी झाडली न्हाई. दुसऱ्याच्या राशीत एक दाणा सापडला. तो कुणाचा?"

कमलबाई एकदम ताठ बसल्या. "झाडली न्हाई?"

"न्हाई."

"कोन व्हतं मशीनवर?"

"ते सोड. दाण्याला जरा माती लागलेली व्हती. मातीवरून कळलं असतं, कुणाच्या शेतातला ते."

कमलबाईंनी बशीकडे पाहिलं. जे धुवायचं होतं ते जाळं कुणी धुतलं नव्हतं, आणि जे धुवायचं नव्हतं ते त्यांनी मन लावून धुतलं होतं. उठून चिंचेची बरणी त्यांनी वरच्या फळीवर, हात पोचणार नाही अशी, ढकलली.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. दीक्षाने जे झालं ते सांगितलं. दुसऱ्या ओढीत आलं हे तर खरंच आहे, तेवढंच लिही, चिखलाचं कोण विचारतं, असं सर म्हणाले. फोन ठेवून दीक्षा ओट्यावर येऊन बसली.

"सर म्हणतात, लिहून टाक. न्हाई लिहिलं तं वरीस जाते."

कमलबाई तांदूळ निवडत होत्या. "मी काय सांगू? लिहू नको म्हणलं तं तुझं नुकसान. अन् ते माझ्याच हातानं झालेलं. मला बोलायला तोंड कुठं हाय?"

"तरी बोल."

"भलता दाणा मिसळला असंल तं पोतं शिवायच्या आधी सांगावं लागते, बाई. शिवल्यावर सांगितलं तं त्याला काही अर्थ न्हाई." एवढं बोलून त्यांनी सुपातला खडा शोधून लांब फेकला.

पोवळं कुठलं ते सांगता येत नाही, असं दीक्षाने लिहून कळवलं. सर आठवडाभर नीट बोलले नाहीत. वर्ष गेलंच. शिष्यवृत्ती संपली आणि दीक्षा एका खासगी शिकवणीत वनस्पतिशास्त्र शिकवू लागली, कारण प्राणिशास्त्राची जागा भरलेली होती. पुढल्या फेरीत मात्र सरांनी तिला जहाजावर जागा दिली. हे त्यांनी केलं, ते इथे नोंदवायला हवं.

या खेपेला दोन ओढींच्या मधे दीक्षा स्वतः नळी घेऊन जाळं धुवायला उभी राहिली. डेकवरचा एक खलाशी म्हणाला, "मॅडम, जाल धो रही हो या शादी की साड़ी?" तिने त्याच्या हाती जाळ्याचं दुसरं टोक दिलं.

उत्तरेच्या ठिकाणी पहिल्या ओढीत कोळंबी आली आणि कुठल्याशा दुकानाची पिशवी. दुसऱ्या ओढीत नुसता गाळ. सर घड्याळ बघू लागले. आणखी एकदा, असं दीक्षाने विनवलं. तिसऱ्या ओढीत दोन पोवळी आली. दोन्ही चिखलाने माखलेली, आणि त्यातलं एक जिवंत.

जहाज बंदराला लागल्यावर तिने घरी फोन केला.

"सापडलं, माय."

"जाळं?" कमलबाईंनी विचारलं.

"धुतलं. दरवेळी."

"अन् पोवळं?"

"न्हाई धुतलं."

"बराबर," कमलबाई म्हणाल्या आणि फोन कोंडीबांकडे दिला.

पुण्याच्या मॅडमनी चिखल पाहिला. तो उत्तरेचाच निघाला. शोधनिबंध छापून आला, प्रबंधही पुरा झाला. निबंधात आभार मानलेत ते सरांचे, कप्तानाचे, पुण्याच्या मॅडमचे. कमलबाईंचं नाव नाही. पण कामाची पद्धत सांगताना एक वाक्य आहे: प्रत्येक ओढीआधी जाळं धुऊन तपासून घेतलं. असली वाक्यं सहसा कुणी वाचत नाही. दीक्षाने ते मराठीत करून वाचून दाखवलं तेव्हा कमलबाई म्हणाल्या, "रिकामी फिरवली का, ते न्हाई लिहिलं."

वैष्णवीचंही लग्न जमलं, दुकानातला लाल खडा घालून. त्याच महिन्यात तिला सरकारी नोकरीही लागली, त्यामुळे लग्न नेमकं कशाने जमलं हे सांगणं कठीण आहे.

पहिलं पोवळं संग्रहालयाच्या कामाचं राहिलं नव्हतं. ज्याचं ठिकाण माहीत नाही ते तिथे ठेवत नाहीत. ते शिरड शहापूरच्या घरात, तसबिरीखालच्या फळीवर आहे. कमलबाई रोज सकाळी ती फळी पुसतात, पण पोवळ्याभोवती बोटभर जागा सोडून. त्या घरात धूळ बसलेली तेवढी एकच वस्तू आहे. मध्यंतरी आशाबाई आल्या होत्या, आतच बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी पदराचं टोक पोवळ्याकडे नेलं.

"कमलबाई, इथं धूळ बसली की."

"राहू द्या, ताई," कमलबाई म्हणाल्या. "हात लावू नका त्याला."