तांबडीची दांडी

आमची तांबडी कोंबडी खुराड्यातल्या उंच दांडीवरून उतरताना पडली आणि लंगडायला लागली. तेव्हापासून हे खुराड्यातच असतात. यांनी दांडी गुडघ्याएवढ्या उंचीवर आणली, काचकागदाने घासून तिचे कंगोरे मोडले, तांबडीच्या पायात कुसळ जाऊ नये म्हणून तळहात फिरवून पाहिला. खाली भाताचं तूस जाडसर पसरलं. मी ओट्याशी उभी राहून खिडकीतून बघत होते.

"ये गं बाय, आता नाही लागायचं," हे तिला म्हणाले. असा मऊ आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

मला चक्क कोंबडीचा हेवा वाटला. आपण पडू, ही भीती आपल्याआधी दुसऱ्या कुणाला तरी वाटावी, एवढंच तर हवं असतं. माझी डब्यांची फळी अजून छतालगतच आहे. गेल्या दिवाळीत स्टुलावरून पडले, तेव्हा हे म्हणाले होते, "बघून चढायचं ना!"

मी रव्याचा डबा काढत होते, तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"अगं, ते स्टूल दे जरा. तांबडीला चढायला पायरी करतो."

मी त्यावरच उभी होते.